आकडा झाकणारे मुनीरभाई

गेमची चित्रं सरसर पळवणारं नवं ग्राफिक्स कार्ड दुकानात आलं की मुनीरभाई आधी स्क्रीनच्या कोपऱ्यावर काळी चिकटपट्टी लावायचे. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडतात तो आकडा तिथं दिसतो, तोच झाकायचा. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी; एकात जुनं कार्ड, एकात नवं. गिऱ्हाइकाला दोन्हींवर खेळायला बसवायचं, पण कुठल्यात कोणतं, ते सांगायचं नाही. "आकडा बघून सगळ्यांनाच मजा येते, साहेब. तुमचा हात काय म्हणतो ते सांगा."

औरंगपुऱ्यातलं कॉम्प्युटरचं दुकान बंद करून ते आता लेकीकडं हैदराबादला गेलेत. भर मे महिन्यात कार्ड तपासताना ते एसी मुद्दाम बंद ठेवत. वाळूजच्या कारखान्यातला एक कामगार घाम पुसत वैतागला, तर म्हणाले, "तुझ्या पत्र्याच्या खोलीत एसी हाय का? मग? कार्ड हितं तापलं तर तिथं भाजंल. थोडं थांब, किंमत बी उतरंल." हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

माझी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. मुलगा अजिंक्य पुण्यात असतो. त्यानं इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा पाहुण्यांसमोर मी त्याला नको ते बोललो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो संध्याकाळी मित्रांसोबत ऑनलाइन एक लढाईचा गेम खेळतो, हे त्याच्या आईकडून कळलं. पन्नाशीत मी तो शिकलो आणि खोट्या नावानं त्याच्या गटात शिरलो. पण मी लवकर मरायचो, तो बाकीच्यांबरोबर पुढं निघून जायचा. भारी कार्ड घेतलं तर त्याच्यासोबत जरा जास्त टिकेन, एवढीच आशा.

"तुमचाच मॉनिटर आणा, माझ्यावर काय बी भारीच दिसंल," मुनीरभाईंनी बजावलं होतं. सिडकोहून स्कूटरवर मॉनिटर नेला. दोन्ही कॉम्प्युटरवर खेळलो आणि ठामपणे म्हणालो, "डावीकडचं नवं."

ते खो-खो हसले. "जुनं हाय ते! देखो साहेब, नवं कार्ड लई चांगलं हाय. पण तुमच्या मॉनिटरवर फरकच दिसत नाय, मग पैसे कशाला घालता? अन् तुम्ही मरता ते कार्डामुळं नाय. मी आत्ता बघत होतो, गटातले बाकीचे ओरडून सांगतात दुश्मन कुठं हाय, तुम्ही गप; मग मदतीला कोण येणार? माइक बिघडलाय का?"

"नाही," म्हणालो, आणि कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं.

मुनीरभाईंनी चहा मागवला. कार्ड खोक्यात परत घातलं. "हे मी तुम्हाला नाय विकणार. दुसरीकडं घ्यायचं तर खुशाल घ्या. पण पोराला आवाज लागतो बापाचा, तो ह्या खोक्यातनं नाय निघत."

त्या संध्याकाळी मी माइक चालू केला. "जिन्यात दोघं आहेत," एवढंच बोललो.

पुढं निघालेला अजिंक्य स्क्रीनवर माझ्याकडं परत फिरला. बाकीचे ओरडतच होते. मग त्याचा आवाज आला, "बाबा, उभे काय राहिलात? खाली बसा, खाली!"