पेवात आधी कंदील

दिनकरराव गुरुजींना मी प्रथम पाहिले ते माझ्या थोरल्या भावाच्या तेराव्याला, जानेफळच्या आमच्या अंगणात. गौरवग्रंथात असा आरंभ शोभत नाही, हे मला कळते. पण दुसरा आरंभ माझ्यापाशी नाही.

दादा गुरुजींच्या हाताखाली नॉर्मल स्कुलात शिकत होता. प्राथमिक शाळेचा मास्तर होणार होता. सुटीत घरी आला आणि ज्वारी काढायला पेवात उतरला. जमिनीखालच्या त्या धान्याच्या खड्ड्यात हवा कोंदून विषारी होते. वर आले ते त्याचे प्रेत. त्याच्या वहीत मात्र 'दूषित हवेत ज्योत विझते' हे वाक्य सुवाच्य अक्षरात होते.

गुरुजी वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "बरणीत मेणबत्ती विझते, हे म्या त्याच्याकडून घोकून घेतलं. पेवाच्या तोंडाशी कधी नेलं नाही. चूक माही हाय."

वडील मला पुढे करून म्हणाले, "मंग याले न्या. पन याले घोकू देऊ नका."

तेव्हापासून गुरुजी आम्हां भावी शिक्षकांना गावोगावच्या पेवांवर नेत आणि प्रत्येकाला दोराने कंदील आत सोडायला लावत. कुणी हसले तर त्यांची जीभ फार कडवट होई. नागपूरहून आलेले इन्स्पेक्टर म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. गुरुजींनी त्यांच्याच हाती दोर दिला.

पुढे मी वडनेर भोलजीला मास्तर झालो. एकदा गावात पेव उघडले. माणूस उतरू लागला तशी माझ्या चौथीतली सखू ओरडली, "थांबा काका, आंधी कंदील सोडा!" कंदील निम्म्यातच विझला. तो माणूस आज हयात आहे. मी आनंदाने गुरुजींना कळवले. उत्तर आले : 'बरे झाले. आपल्या मातुःश्रींना मात्र हे सांगू नये.'

आई त्यांच्याशी कधी बोलली नाही. दर वर्षी दादाच्या तिथीला गुरुजी येत. ती पाण्याचा तांब्या ठेवून आत जाई. साठीचा हा सत्कारही ते दादापायीच नाकारीत होते. गेल्या महिन्यात मी आईला सारे सांगितले, सखूचेही. ती पुष्कळ रडली. मग म्हणाली, "त्याईले म्हन, सत्कार घ्या. माह्या लेकाचं राह्यलेलं आयुष्य तुमाले लागो."

गुरुजी, ते आपण घ्यावे, आणि धडधाकट राहून पुरते जगावे.