डब्यावरचं घमेलं

आमच्या द्राक्षबागेतलं पान आज किती ओलं आहे, हे माझ्या धाकट्या भावाला आईच्या आधी कळतं. आई बागेतच राहते. भाऊ अमेरिकेत राहतो.

वडील गेल्यानंतर बाग वाट्यानं कसायला दिली, पण आई मळ्यातल्या घरातून हलली नाही. मी नाशकात एका शाळेत गणित शिकवते. दर रविवारी स्कूटर काढते, दिंडोरी मागे टाकते आणि वणीच्या रस्त्यानं मळ्यात जाते. भावाला दर रविवारी येणं शक्य नाही, म्हणून त्यानं बागेत एक डबा बसवला.

डबा दिसायला शाळेच्या पोराच्या जेवणाच्या डब्याएवढा. त्याची एक वायर मातीत जाते, दुसरी वेलीच्या पानाशी. माती किती ओली आहे आणि पान किती वेळ ओलं राहिलं, हे तो सिमकार्डावरून भावाला कळवत राहतो. पान फार वेळ ओलं राहिलं की डावणी येते, पानांवर तेलकट डाग पडतात आणि बघता बघता घड हातचे जातात. तेव्हा डबा उपयोगाचा आहे, हे मी आधीच कबूल करते. माझं भांडण डब्याशी नाही.

आमच्याकडचा टॉवर डोंगराच्या पलीकडे. लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवर जायचा, टॉवर गेला की डबा मुका व्हायचा आणि भावाच्या मोबाइलवरचा हिरवा ठिपका लाल व्हायचा. लाल ठिपक्याचा अर्थ काहीही असू शकतो. डबा चोरीला गेला, बाग आडवी झाली, आई विहिरीपाशी घसरून पडली. मग तो मला फोन करायचा, नेमका मी पोळ्या लाटत असताना. "ताई, तिकडे सगळं ठीक आहे ना?" मी म्हणायची, तिकडे लाइट गेली असेल, इकडे पोळी करपतेय. टॉवर परत आला की तो आईला फोन लावायचा, आणि एकदा लावला की मग गुडघा कसा आहे, भाजी काय केली, शेजारची म्हैस व्याली का, असं सगळं व्हायचं.

"डबा लय गुणाचा हाय," आई मला सांगायची. "हप्त्यातून दोनदा तरी बंद पडतो."

आता इथं आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्यात विनाकारण फोन करत नाहीत. भर दिवसा दिवा लावून ठेवावा, तसं ते समजलं जातं. मी आईला कितीदा म्हटलं, तूच लाव ना त्याला. तर म्हणे, "त्याच्या कामात कशाला आडवं जायचं? काही झालं तर लावावा." भाऊ तिचाच मुलगा. त्यालाही फोन करायला काहीतरी व्हावं लागतं.

भावाची कंपनी नेमकी अशाच यंत्रांसाठी सॅटेलाइटची जोडणी बनवते. समुद्रातली जहाजं, वाळवंटातले तेलाचे पाइप, बर्फातली हवामान केंद्रं, जिथं टॉवर नाही तिथल्या यंत्रांचं बोलणं आकाशातून न्यायचं. त्यानं तीच जोडणी आमच्या बागेला पाठवली. पृथ्वीच्या पाठीवर कुठंही चालेल, असं तो म्हणाला. बाग उचलून दुसरीकडे न्यायचा आमचा विचार नव्हता, पण ऐकायला बरं वाटलं. फोनवर त्यानं मला बॅकअप म्हणजे काय तेही समजावलं. "ताई, मुख्य लाइन बंद पडली की जी आपोआप कामाला लागते, आणि एरवी जिची कुणाला आठवणही नसते, ती."

"समजलं," मी म्हटलं. "बहीण."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

नाशकातून एक मेकॅनिक येऊन विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर पुरणपोळीएवढी पांढरी तबकडी बसवून गेला. सिमची रेंज पकडणारी तारही त्याच तबकडीत घातलेली होती. खोलीचा स्लॅब बुटका, दगडावर उभं राहिलं की हात पोचतो. जाताना त्यानं आईला बजावलं, "मावशी, हिच्यावर काही ठेवायचं नाही बरं. हिला आकाश दिसलं पाहिजे."

"आमाला दिसतं तेवढं पुरंल का तिला?" आईनं विचारलं.

पुरलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सकाळी आई वेलीखाली उभी असायची. वेलीचं पान तबकडीला सांगायचं, तबकडी सॅटेलाइटला, सॅटेलाइट कुठल्या तरी देशातल्या यंत्राला, ते यंत्र भावाला. भाऊ मला मेसेज टाकायचा आणि टॉवर परत आला की मी आईला फोन करून सांगायची, पान ओलं आहे म्हणे. "मंग?" आई म्हणायची. "मी त्याच पानाखाली हुभी हाय. माझं डोकं भिजलंय."

आणि हिरवा ठिपका हिरवाच राहू लागला. टॉवर गेला तरी हिरवा, वादळ आलं तरी हिरवा. भावाला लाख समाधान. रोज सकाळी उठून ठिपका बघायचा आणि कामाला लागायचा. त्याचं प्रेम कमी झालं, असं मी म्हणणार नाही. त्या प्रेमाला आता ठेवायला जागा मिळाली होती, एवढंच. फोन मात्र थांबले.

आईच्या लक्षात यायला वेळ लागला. एका रविवारी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "त्याचा डबा बरा चालतो का गं?"

"चालतो."

"बंद नाय पडत?"

"आता कधीच नाही पडणार."

"आसं," ती म्हणाली आणि निवडलेलीच जुडी पुन्हा निवडायला लागली. मला भावाचा राग आला, कंपनीचा आला, आकाशात फिरणाऱ्या त्या सगळ्या लोखंडाचा आला. तिला मुलाचा आवाज ऐकायचा होता, त्यासाठी काहीतरी कारण लागत होतं, आणि तेवढं कारण आम्ही तिच्याकडून काढून घेतलं होतं. तरी मी भावाला काही बोलले नाही. सांगून केलेला फोन आईला बरोबर कळला असता.

मग त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गारा आल्या. माल बराचसा काढून झाला होता. आई धावली ती बागेकडे नाही, मोटारीच्या खोलीकडे. दगडावर चढून तिनं तबकडीवर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला. बाहेरदेशाची वस्तू, फुटली तर पोराला वाईट वाटेल, असा तिचा हिशेब. गारा बारीक होत्या, लगेच थांबल्या. घमेलं तसंच राहिलं.

दुसऱ्या सकाळी भावाचा मला फोन. आवाज पार बदललेला. "ताई, सिम बंद, सॅटेलाइटपण बंद! दोन्ही एकदम बंद पडूच शकत नाहीत!" मी आईला लावेपर्यंत त्यानं स्वतःच लावला होता, आणि तिचा मोबाइल डिस्चार्ज होऊन बंद पडेपर्यंत तो बोलत होता. रविवारी गेले तर आईनं मला सगळं पुन्हा ऐकवलं, त्यानं काय विचारलं, ती काय म्हणाली, तिकडे घराच्या मागे त्यानं कढीपत्ता लावलाय आणि तो काही जगत नाही.

त्यानंतर तबकडीला अधूनमधून ग्रहण लागू लागलं. कधी एकादशीला, कधी पुरणाचा स्वयंपाक झाला म्हणून. भावाचा ठिपका लाल, भावाचा मला फोन, भावाचा आईला फोन, आणि दुपारपर्यंत ठिपका परत हिरवा. तिकडे त्याच्या कंपनीतली हुशार माणसं आमच्या बागेवरचं आकाश तपासत बसली. शेवटी एका रविवारी मी मळ्यात लवकर पोचले आणि आईला घमेलं घेऊन दगडावर चढलेलं पाहिलं.

ती अजिबात वरमली नाही. "धूळ बसती गं तिच्यावर," म्हणाली.

मी हसले. मग मला हेवा वाटला, खरं सांगते. मी तिच्या डोळ्यांसमोर उभी होते, औषधं, मोसंबी, चष्म्याची नवी काच घेऊन, आणि ती मोबाइल कुठं ठेवला ते शोधत होती. "माझ्यासाठी कधी घातलंस का असं काही पालथं?" मी विचारलं.

"तुझं काय," ती म्हणाली. "तू तर येतीच."

मी मोबाइल शोधून दिला.

भावाला मात्र उत्तर द्यायला हवं होतं. मी सांगितलं, वानरं. सप्तशृंगीच्या बाजूनं उतरतात, उरलीसुरली द्राक्षं खातात आणि ऊन खायला तबकडीवर बसतात. त्याला पटलं. एक वानर बसतं की सगळा कळप, एवढंच त्यानं विचारलं. मला वाटलं, मिटलं. पण याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पंधरवड्यात तोच मेकॅनिक मळ्यात हजर झाला आणि समोरच्या खांबावर वानरांसाठी कॅमेरा बसवून गेला. त्याला वेगळं सिम. काही हललं की फोटो काढायचा आणि भावाला पाठवायचा.

आईनं मेकॅनिकला चहा पाजला आणि वर सांगितलं, "बसव बाबा. वानरं लय माजलीत."

तो गेल्यावर मी तिला समजावलं, की कॅमेरा तुझाही फोटो काढेल. तिनं माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "वानरासाठी हाय ना तो? मानसाचा कशाला काढंल?" गणित शिकवणाऱ्या बाईनं यापुढं काय सांगायचं? मी विषय सोडून दिला. खरं तर अर्धा मुद्दामच सोडला.

त्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत मोबाइल पाहिला तर भावाचे तीन फोटो आले होते. पहिल्यात आई दगडावर उभी, पदर दातांत धरलेला, दोन्ही हातांत घमेलं. दुसऱ्यात घमेल्यावर धोंडा ठेवतेय. तिसऱ्यात ती त्याच दगडावर बसली आहे, मांडीवर मोबाइल, त्यावर दोन्ही हात, आणि खाली मान घालून त्याच्याकडे बघतेय. फोटोंखाली त्यानं लिहिलं होतं, ताई, वानर सापडलं.

थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. कधीपासून?

गारांपासून, मी लिहिलं. त्यावर त्याचं काहीच आलं नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, चिडला. आईला काहीतरी शहाणपण शिकवेल, किंवा घमेल्यातूनही चालेल अशी तबकडी पाठवेल. त्याचा स्वभावच तो.

रविवारी मी मळ्यात होते. टॉवर चालू, ऊन लख्ख. आई अंगणात कांदे भरत होती, त्याच घमेल्यात. तबकडी उघडी, तिच्यावर ना घमेलं ना धूळ. मोबाइल वाजला. आईचे हात मातीचे होते, म्हणून मीच उचलला आणि स्पीकर लावून तिच्यापुढे धरला.

"काय रं," आईनं विचारलं, "पडला का डबा बंद?"

"हो आई," तो म्हणाला. "बंद पडलाय."

आईनं तबकडीकडे पाहिलं. ती उन्हात चकाकत होती. मग तिनं समोरच्या कांद्यांनी भरलेल्या घमेल्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी कांदे बघत होते. तिनं हात पदराला पुसले, मोबाइल माझ्याकडून घेतला आणि पायरीवर बसली.

"आसू दे बंद," ती म्हणाली. "तू बोल."