वय झालं, म्हणे!

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडलो नाही, मोबाइल कॉटवर आपटला. चाळीस दिवस होऊन गेले, राग उतरत नाही. आष्टीत त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली तार काढायची, नवी भरायची. कुणाच्या मोटारीत मागं किती वेढे घातले, हे त्याला तोंडपाठ. मी शाळेतून सुटलो की त्याच्याच बाकड्यावर बसायचो, निवृत्तीनंतर तर दिवसभर.

उन्हाळ्यात एका बोअरवरून परतताना त्याची गाडी घसरली. डोक्याला टेंगूळ आलं, एवढंच. “काय झालं न्हाई बे मास्तर,” म्हणत दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. महिन्याभरानं मात्र तार भरता भरता थांबू लागला. डोकं लई दुखतं म्हणायचा. एकदा स्वतःच्याच गल्लीत मला विचारलं, “आपुन कुठं चाललो बे?” मला चेष्टा वाटली, मी हसलो.

आष्टीतल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. “वय झालं की विसरतं माणूस.” त्रेसष्ट हे काय वय आहे? पडला होता का, हे त्यांनी विचारलं नाही. आणि शेजारच्या खुर्चीत बसून मीही सांगितलं नाही. एकटी त्याची बायको, शमीमभाभी म्हणत होती, “मास्तर, महिन्यात कुणी एवढं म्हातारं होतं का?” आम्ही शहाण्यांनी तिचीच समजूत काढली.

एका सकाळी तो जागाच होईना. नगरला नेलं. कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला गेला होता. “आधी आणलं असतं तर छिद्र पाडून काढता आलं असतं,” तिथले डॉक्टर म्हणाले. “आठवणीही बहुतेक परत आल्या असत्या.” ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी तो गेला.

विसरण्यामागं कारण असतं हो! डोक्याचा मार, थायरॉइड, जीवनसत्त्वाची कमतरता, कधी रोजची एखादी गोळीसुद्धा. रशीद साधी मोटरसुद्धा उघडून बघितल्याशिवाय निकामी ठरवत नव्हता. आम्ही त्याला न बघताच ठरवलं.

परवा दुकान उघडलं. टेबलावर अर्धी भरलेली मोटर तशीच होती. तिचा मालक कडा गावाहून ती न्यायला आलता. भाभी आडवी आली. “भाऊ, दुसरी घ्या. ही राहू द्या. जिथवर त्यांना याद होतं, तिथवरच तार हाय.”