उलटा स्कॅन

आमच्या एमआरआयच्या खोलीत लोखंडाची टाचणीसुद्धा नेता येत नाही. किस्से मात्र कोणी अडवत नाही, म्हणून ते साठत जातात. परळच्या एका हॉस्पिटलात मी टेक्निशियन आहे, आणि यातले निम्मे किस्से आमच्या रेगे मॅडममुळे झालेत. माणूस बोलतो, हात हलवतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, त्याचे नकाशे काढणं हे त्यांचं काम, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनचा हात तिथे लागत नाही.

*

या नकाशांसाठी मेंदूचे फोटो भराभर काढावे लागतात, आणि नाकाकानातल्या हवेमुळे ते वाकडे येतात. एका पेशंटच्या बायकोने स्क्रीन पाहिला आणि ती किंचाळलीच. "अगं बाई, ह्यांचं डोकं असं चेपलंय?"

"डोकं नाही, फोटो चेपलाय," मॅडम म्हणाल्या.

"नक्की ना? स्वभावावरून मला वाटलंच होतं!"

*

यावर मॅडमचा उपाय म्हणजे उलटा स्कॅन. तोच फोटो विरुद्ध दिशेने पुन्हा काढायचा. आधी जे ताणलं गेलं ते आता दबतं, आणि दोन्हींवरून कॉम्प्युटर खरी जागा शोधतो. आमच्या विभागाच्या साहेबांना हे पटत नसे. "मॅडम, बाहेर लाइन लागलीय. एक मिनिट वाचवा ना!"

"मिनिट वाचेल सर. पेशंटची वाचा?"

साहेब चहा प्यायला निघून गेले.

*

शिवडीच्या गोदामात काम करणारे एक गृहस्थ आले होते. मी माइकवर म्हणालो, "आता उलटा घेतोय हं." लगेच आतून बेल वाजली. पळत गेलो तर गृहस्थ घामाघूम! "अरे, एवढ्याशा जागेत पालथा कसा होऊ?"

*

डिलाईल रोडचे परबकाका चाळीतल्या प्रत्येक कार्याला गाऱ्हाणं घालतात. काकांनी देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. अशा माणसाच्या मेंदूत नेमकी बोलण्याच्या जागेजवळ गाठ निघाली. जागा जरा चुकीची दाखवली तर ऑपरेशनमध्ये वाचाच जायची.

मॅडम म्हणाल्या, "काका, मशीनमध्ये मनातल्या मनात गाऱ्हाणं घाला." काकांनी घातलं, पण दर "म्हाराजा"ला मान हलली. स्कॅन फुकट! दुसऱ्यांदाही तेच. साहेब घड्याळ दाखवू लागले. "अजून किती वेळा?"

"नीट येईपर्यंत!"

तिसऱ्यांदा काका हलले नाहीत. उलटा स्कॅनही नीट झाला. वाकड्या फोटोत बोलण्याची जागा गाठीपासून लांब दिसत होती, सरळ केल्यावर ती अगदी चिकटून निघाली. सर्जनने त्या बाजूला हात आवरता घेतला.

ऑपरेशननंतर आम्ही वॉर्डात गेलो. सर्जनने विचारलं, "काका, नाव सांगा." काका गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. मॅडमनी खाटेचा दांडा घट्ट धरला होता.

मग काकांनी सावकाश हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या बायेन माका तीनदा त्या बोगद्यात घातल्यान. तिच्या मशीनीत जा काय वाकडा दिसता, ता सरळ कर रे म्हाराजा!"

अख्खा वॉर्ड ओरडला, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मॅडमचा.