आभाळातलं गायरान

आमच्या बोरी गावात आभाळाची मोजणी व्हायला हवी असं मनापासून वाटणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लागून राहत होता. आमचे साखळीवाले काका. उभी हयात त्यांनी मोजणी खात्यात साखळी ओढली. बोरीपासून देवगाव फाट्यापर्यंत ज्यावर काकांनी खुंटी ठोकली नाही असा बांध सापडणं कठीण. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र गुंठाभर जमीन नव्हती. वडिलांच्या नव्हती, आज्याच्याही नव्हती. "गुरुजी, आमी साऱ्या दुनियेची जमीन मापली, पन आमचं नाव कोन्त्याच सातबाऱ्यावर न्हाई," हे ते उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगत. पण रोज सांगत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रेडिओ घेतला आणि मला अवदसा आठवली. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. समजावून सांगायची खोड घरीही सुटत नसे. रेडिओच्या लहरी सरकार वाटून देतं, जहाजांना एक पट्टा, विमानांना एक, पोलिसांना एक, रेडिओ केंद्रांना आपापला, म्हणजे कुणी कुणाच्या बोलण्यात घुसत नाही, एवढंच मी बोललो. काका ताडकन उठून बसले. "म्हंजी तितंबी शिवार हाय की!" पुढच्या आठवड्यात त्यांनी रेडिओच्या तबकडीचा गावनकाशा काढला. हद्दी लाल, वाटा निळ्या, आणि जिथं नुसती खरखर ऐकू येई तिथं 'पडीक' असं लिहिलेलं.

त्यातून पंचनाम्याचं प्रकरण उद्भवलं. दिवस मावळला की परभणीच्या केंद्रावर कुठलंसं परदेशी गाणं चढून बसायचं. अतिक्रमण म्हटल्यावर काका गप्प बसतील? त्यांनी रीतसर पाच पंच जमवले, एकेकाला रेडिओला कान लावायला लावला, आणि माझ्याकडून लिहून घेतलं की अनोळखी भाषेतील गाणे परभणीच्या बातम्यांत सुमारे दोन बोटे घुसलेले पंचांस आढळले. चार सह्या आणि एक अंगठा घेऊन कागद दिल्लीला गेला. नवल म्हणजे उत्तर आलं. सूर्य मावळल्यावर लहरी फार लांब जातात, यात कुणाचा दोष नाही. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "दिस बुडाला की बांध सरकतो म्हना की. हितंबी तसंच हाय."

दिल्ली उत्तर देते हे कळल्यावर मनातली गोष्ट त्यांच्या ओठावर आली. "गुरुजी, एक पट्टी आपल्या नावावर मागून बगावं का? ल्हान असली तरी चालंल." पोस्टातला नेहमीचा रेडिओ परवाना त्यांच्याकडे होताच, पण तो खोक्याचा, जागेचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी अर्ज लिहिला. वर्ष उलटून गेल्यावर उत्तर आलं. पट्टी कुणा एकाच्या नावावर होत नाही. मात्र हौशी लोकांसाठी थोडी जागा राखलेली आहे, ती सगळ्यांनी मिळून वापरायची. बोलायचं असेल तर परीक्षा द्यावी लागेल, नुसतं ऐकायला वेगळा परवाना मिळेल. मला वाटलं, काका खचणार. ते हरखूनच गेले. "गायरान! दिल्लीवाल्यानं आभाळात गायरान सोडलंय, गुरुजी!"

परीक्षेत कट्ट-कडकट्टची तारेची भाषा होती. काकांनी अडकित्त्यावर सहा महिने सराव केला. काकूंच्या सुपारीचा पार भुगा झाला, पण परीक्षा काही जमली नाही. शेवटी ऐकण्याचा परवाना आला. त्यावर इंग्रजीत त्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. नुसतंच ऐकायचं म्हणून मला वाईट वाटत होतं, तर तेच म्हणाले, "बांधावर हुबं ऱ्हायाची सवय हाय आमाला." परवान्याला चौकट करून त्यांनी तो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला. मग रोज दुपारी निंबाखाली खुर्ची टाकून ते कान देऊन बसत. कुणी मोठ्यानं बोललं तर बोट ओठावर ठेवत आणि म्हणत, "हळू. आमच्या रानात मानसं बोलायलीत."

शेवटच्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "वारसाची नोंद करून ठिवा. पोरीच्या नावानं." परवाना माणसाबरोबर संपतो, त्याला वारस लागत नाही, हे मला ठाऊक होतं. जन्मभर समजावून सांगत आलेल्या मला तेवढं मात्र समजावता आलं नाही. मी अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. पंधरा दिवसांनी काका गेले.

त्यांची लेक पेडगावला दिलेली आहे. रेडिओ ती घेऊन गेली, चौकटही घेऊन गेली. बोरीला आली की हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी देते आणि विचारते, "गुरुजी, माझं नाव लागलं का वो?" मी म्हणतो, सरकारी काम आहे बाई, वेळ लागायचाच. तिला ते पटतं. दिल्लीचं दोन ओळींचं उत्तर केव्हाच आलेलं आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मी ते तिला अजून वाचून दाखवलेलं नाही.