झाकणावरचा जोर

जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांच्या ओळीत एक चाचा कुकर दुरुस्त करत बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुकर हातात आला की ते आधी झाकण उजेडाकडे धरतात आणि शिट्टीच्या भोकातून आरपार बघतात.

मी बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवतो. घरच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ सोडायला लागला, तेव्हा मी तो काढून तिथे स्क्रू पिळला होता आणि स्वतःवर खूशही होतो. पुढे रिंग ढिली झाली म्हणून कुकर चाचांकडे नेला. त्यांनी स्क्रूवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"घरी कुकर कोन लावतं, सर?"

"आई."

"शिट्टीचं भोक बारीक, म्हनून एवढुशा वजनानं दबतं. झाकन मोठं हाय. तीच वाफ त्याला चार-पाच मानसांच्या वजनानं ढकलती. शिट्टी अडकली तर जोर वाढतच जातो. मंग वाफेला हीच एक वाट. तुम्ही तीच बंद केली."

दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल, हे मी कितीदा तरी फळ्यावर लिहिलंय. त्या गणितातलं झाकण कधी आमच्या घरचं नव्हतं.

चाचांनी नवा व्हॉल्व्ह बसवला, पाणी भरून कुकर स्टोव्हवर ठेवला आणि ते त्याच्या अगदी जवळ उभे राहिले.

"चाचा, जरा मागं सरका," मी म्हणालो.

ते हलले नाहीत. म्हणाले, "तुमची अम्मी रोज इथंच उभी राहती ना."