नाण्यावरचा मळ

कादंबरी लिहायची तर माणसाने खुशाल लिहावी, पण त्यात नाण्यांवाचून काय मेलं एवढं अडतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एक राजा घाला, दोन लढाया घाला, शेवटी एक लग्न नाहीतर एक मरण. लोक वाचतात. पण आमच्या धाकट्याला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. मला लवकर वैधव्य आलं, त्याने लग्नच केलं नाही, आणि तेव्हापासून दोन खोल्यांत आम्ही दोघं भांडत भांडत सुखाने राहतो. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत त्याचं टेबल. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे पुस्तक छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या. डोळे असे, की छापखान्यात त्याला नावाने कुणी हाकच मारायचं नाही. दुर्बीण म्हणायचे. समोरच्याच्या हातातला कागद तो उलट्या बाजूने वाचून त्यातली चूक सांगायचा. मोठमोठे लेखक त्याला वचकून असायचे. माझ्या शिवणीतला सुटलेला टाका त्याला दारातूनच दिसायचा, आणि दिसला की गप्प बसेल तर शपथ!

निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, "ताई, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता माझं एक पुस्तक लिहितो. बिनचूक."

तो बिनचूकच नडला बघा.

कादंबरी जुन्या काळातली. एका टाकसाळीत, म्हणजे नाणी पाडायच्या कारखान्यात, एक कारागीर आहे. नाण्यांचे ठसे कोरायचं त्याचं काम. राजा अंथरुणाला खिळलेला, राजाचा भाऊ गादीवर टपलेला. राजा मरतो, भाऊ थोडे दिवस गादीवर बसतो, मग त्यालाही हटवून दुसराच राजा होतो, आणि एके दिवशी बाजारात भावाच्या नावाचं नाणं सापडतं. झालं! जुना राजा जिवंत असताना नव्याच्या नावाचा ठसा कोरलास म्हणून कारागिराला धरतात. शिक्षा काय, तर हात तोडायचा. त्याने खरंच फितुरी केली, की राजा गेल्यावर हुकूम आला म्हणून कोरला? सगळी कादंबरी या एका प्रश्नावर उभी. मला वाचून दाखवायचा तेव्हा माझंही मशीन थांबायचं, खोटं कशाला बोलू.

पण पानं पुढे सरकतील तर ना! पहिल्या प्रकरणात कारागिराची बायको नदी ओलांडते आणि नावाड्याच्या हातावर नाणं ठेवते. छान होतं. मग याने कुठेतरी वाचलं, की त्या काळी नावाड्याला सुगीला धान्य द्यायचे, नाणं नाही. फाडलं प्रकरण. पुन्हा लिहिलं, त्यात नाणं हातातून पडून घरंगळत जात्याखाली जातं. तर महिन्याने म्हणतो, "घरंगळेल कसं? तेव्हाची नाणी गोल कुठे होती? हातोड्याने ठोकलेली, कडा वेड्यावाकड्या. जाग्यावर पडेल." पुन्हा फाडलं. मग पडल्याचा आवाज कसा येत असेल यावर विचार. आमच्या आईचं चांदीचं पैंजण होतं, त्यातला तुकडा सोनाराकडून वजन करून आणला आणि मोरीच्या दगडावर टाकून ऐकत बसला. खण्ण की ठण्ण. मी म्हटलं, "अरे, डोकं आपटून बघ, तोही आवाज कळेल!" हसला नुसता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरीत.

अशी बरीच वर्षं गेली. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून झालं. आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. कारण ते नाणं कल्पनेतलं नव्हतं. त्या भावाच्या नावाचं नाणं खरोखरच पाडलं गेलं होतं, पण पुढच्या राजाने झाडून सगळी वितळवून टाकली. कुठल्या संग्रहालयात मिळेना. नाण्यावर साल असायचं. राजा गेला तो साल पालटता पालटता, म्हणून सालाचा शेवटचा आकडा दोन असेल तर ते जुना राजा जिवंत असतानाच पाडलेलं, म्हणजे कारागीर फितूर. तीन असेल तर बिचारा निर्दोष.

"अरे, तुझी कादंबरी आहे," मी म्हणायची. "तीन लिही आणि सोड त्याला. कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना," तो म्हणायचा.

आणि नाणं सापडलं कुठे, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी! औषधांच्या दुकानाचे मालक जुनी नाणी जमवतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. हा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेला, बोलता बोलता विषय निघाला, आणि त्या माणसाने गल्ल्यामागच्या कपाटातून डबी काढून समोर ठेवली. तेच नाणं. चांदीचं, पण काळं पडलेलं. साल मधोमध, आणि शेवटचा आकडा नेमका झिजलेला. वरचं वळण दिसत होतं, खाली आणखी एक वळण आहे की नाही ते काही ठरेना. औषधवाले स्वतः कित्येक वर्षं भिंग लावून बघत होते. एकदा दोन वाटे, एकदा तीन.

त्यांनी नाणं काही दिवस आमच्याकडे ठेवायला दिलं, ते याच्या डोळ्यांच्या लौकिकावर. "तुम्ही सांगाल ते साल मी मान्य करीन," म्हणाले. स्वतः आमच्याकडे येऊन देऊन गेले. बटरपेपरात गुंडाळलेलं, वर कापूस. एका बाजूचा फोटो होता त्यांच्याकडे, सालाच्या बाजूचा काढू काढू म्हणत राहून गेला होता. मी चहा दिला आणि हात पुढे केला तर दोघंही एकदम ओरडले, "कडेने!" नाणं कडेने धरायचं. घासायचं नाही, धुवायचं नाही, फुंकर मारून पुसायचंसुद्धा नाही. धाकट्याने मला समजावलं, की तो काळेपणा म्हणजे घाण नव्हे, ती नाण्याची कातडी. ती सोलली की झिजलेली अक्षरं तिच्याबरोबर जातात. नवखे लोक नाणं चकचकीत करतात आणि मग कपाळाला हात लावतात. औषधवाले मान डोलवत होते. दोन पोरं एका खेळण्याभोवती बसावीत तसे बसले होते दोघे, आणि मला इतकं बरं वाटलं होतं ते बघून.

मग तो नाणं घेऊन बसला. सकाळी खिडकीत, दुपारी दिव्याखाली, भिंग लावून, भिंगाविना. म्हणायचा, "ताई, कडेची अक्षरं लख्ख दिसतात. मध्येच काहीतरी बसलंय." दोन दिवसांनी म्हणाला, मळ वाढतोय. मी म्हटलं, मळ काय वाढतो रे, तो काय पापड आहे फुगायला?

त्याच सुमाराला तो वर्तमानपत्रावरही चिडायला लागला. ओळी वाकड्या छापतात म्हणे हल्ली, मधली अक्षरं शाई खातात. चहा ओतताना कपाच्या शेजारी ओतला. मला वाटलं, लक्ष नाही, नाण्यात आहे जीव. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. जिथे रोखून बघावं तिथेच धूसर होतं, कडेचं मात्र दिसत राहतं. माणूस चालताना धडपडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही, त्याला स्वतःलाही नाही. आणि गेलेलं परत येत नाही. पण हे सगळं पुढचं. तेव्हा त्याला आपल्या डोळ्यांचा संशय येईल हे शक्यच नव्हतं. जगात सगळं चुकेल, दुर्बीण कशी चुकेल?

त्या दुपारी मी ब्लाउजच्या बाह्या जोडत होते. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता, पण मी लक्ष दिलं नाही. मग त्याची हाक आली.

"ताई! ये, ये लवकर!"

गेले. मोरीच्या कट्ट्यावर खाण्याच्या सोड्याची वाटी, जुना टूथब्रश, आणि याच्या तळहातावर ते नाणं. असं चमकत होतं, की माझे डोळे दिपले.

"अरे देवा," मी म्हटलं. "काय केलंस हे?"

"तू घाबरू नकोस. मला कळतं कातडी कुठली आणि मळ कुठला. हा वरून बसलेला मळ होता गं, नाहीतर दिवसेंदिवस वाढेल कसा? हलक्या हाताने काढलाय. थोडा राहिलाय मध्ये, पण तुला दिसेल. वाच बघू. दोन की तीन?"

मी नाणं घेतलं. कडेनेच धरलं, सवयीने. काठावर अक्षरांची दोनचार टोकं शिल्लक होती. मध्ये काही नव्हतं. दोन नव्हता, तीन नव्हता, त्याच्या आधीचे आकडेही नव्हते. माझ्या लग्नातल्या वाटीचा तळ जसा गुळगुळीत झालाय तसं झालं होतं.

"वाच ना!" तो म्हणाला. टेबलावर कागद काढून ठेवलेला, पेनाचं टोपण उघडं. इतका आनंदात होता! इतक्या वर्षांनी शेवटचं प्रकरण लिहायला बसणार होता.

तीन म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. कारागीर सुटला असता, हा सुटला असता, मी सुटले असते. पण नाणं दुसऱ्याचं. आज तीन म्हणेन, उद्या ते डबीत परत जाताना काय म्हणणार?

"मला नाही लागत तो आकडा," एवढंच म्हटलं.

"चष्मा बदल तुझा. डोळे गेलेत तुझे," तो म्हणाला आणि हसला. "थांब, त्यांनाच बोलावतो."

"नको रे, आज नको. दुकानाची वेळ आहे त्यांची," मी म्हटलं. पण त्याने फोन उचलला होता. अंक दाबताना दोनतीनदा चुकला, फोनच्या नावाने खडे फोडले, शेवटी लागला. "या, या! मळ निघाला! आता दिसतंय!" तिकडे ते काय म्हणाले कुणास ठाऊक. दुकान नोकरावर टाकून, पांढरा कोट तसाच अंगात, धापा टाकत आले.

मी नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, पण डोळ्याला लावलंच नाही. नुसतं हातात धरून बसले. चांगला माणूस. ओरडला असता तर मी तरी भांडले असते.

"नीट बघा," धाकटा म्हणाला. "उजेडात धरा. आता चकचकीत आहे."

"हो," औषधवाले म्हणाले.

"मग? दोन की तीन?"

"आता काही नाही तिथे."

"नाही कसं? मळाखाली होतं ना!"

"मळ नव्हता हो," ते अगदी हळू म्हणाले. "मी तुम्हाला दिलं तेव्हा त्यावर मळ नव्हताच. मळ होता म्हणता? आज अजून दिसतोय का तुम्हाला?"

"दिसतोय ना, मध्ये थोडा आहे अजून," असं म्हणत त्याने नाण्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. अंगठ्याला काहीच लागेना. जन्मभर अक्षरांत वावरलेला माणूस, गुळगुळीत म्हणजे काय हे त्याच्या बोटाला कळलं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण रंग उतरला.

त्याने मान वर केली आणि औषधवाल्यांकडे बघितलं. रोखून बघितलं, मग मान जराशी तिरकी केली, मग पुन्हा सरळ. ते बिचारे अवघडून बसून राहिले. मग तो माझ्याकडे वळला.

"ताई, इकडे बघ जरा."

"बघतेय रे."

"हल्ली तुझ्या तोंडाला काय लागलेलं असतं गं?"

मी गालावरून हात फिरवला. "कुठे काय? काही नाही," मी म्हटलं.

"आहे. मध्येच आहे," तो म्हणाला. उठून माझ्याजवळ आला, डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, आणि अंगठ्याने माझा गाल, नाक, कपाळ पुसायला लागला. हलक्या हाताने, मग जोराने. अंगठ्याला सोड्याची कचकच होती. औषधवाले खाली मान घालून बसले होते.

एरवी मी त्याचा हात झटकला असता. तो पुसत राहिला, आणि मी उभी राहिले.